अंदाज नको, मोजमाप हवे
मोटारीच्या इंडिकेटरमधील बिघाड कसा शोधावा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. वाचकांच्या सोयीसाठी उपशीर्षके घातली आहेत.)





अशा व्यासपीठावरून सहसा मोठमोठ्या विषयांवर बोलले जाते. आज मी तळहातावर मावणाऱ्या एका वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे मोटारीचा इंडिकेटर. गाडी कोणत्या बाजूला वळणार हे मागच्याला सांगणारा हा लुकलुकणारा दिवा. विषय लहान वाटेल, पण आपल्या वस्तीतील कितीतरी घरांची चूल मोटारीवरच पेटते. कोणी रिक्षा किंवा टेम्पो चालवतो, कोणाचे गॅरेज आहे, कोणी सुट्या भागांच्या दुकानात बसतो, तर कोणी कारखान्यात पाळी करतो.

आपला परिसरच मोटारीचा आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला आणि या माळरानाचे रूप पालटू लागले. १९६० नंतरच्या दशकात टेल्को आणि बजाज यांनी येथे पाय रोवले. १९९८ मध्ये इंडिका मोटार आली ती पिंपरीतूनच. पुढे चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझ पिंपरीहून चाकणला गेली आणि २०१० मध्ये महिंद्राचा कारखाना उभा राहिला. गाड्यांची परीक्षा करणारी ए. आर. ए. आय. ही संस्थाही १९६६ पासून पुण्यातच आहे. असे असूनही संध्याकाळी भोसरीहून मोशीमार्गे चाकणकडे जाऊन पाहा. पाळी सुटलेली असते आणि दुचाक्यांचा लोंढा रस्त्यावर असतो. त्यात एखादा टेम्पो काही न सांगता डावीकडे वळतो. त्याच्या चालकाला विचारा. तो म्हणेल, "साइड दिली होती." त्याने खरोखरच दिलेली असते. आत टकटक आवाजही झालेला असतो, पण मागचा दिवा लागलेलाच नसतो.

इंडिकेटर म्हणजे आपण मागच्याला दिलेला शब्द आहे. तो त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, तर चूक कोणाची हे ठरवण्याआधीच कोणाचा तरी हात-पाय मोडलेला असतो. म्हणून हा दिवा का बिघडतो आणि बिघाड पद्धतशीरपणे कसा शोधावा, हे आज पाहू.

प्रवाहाची वाट

विद्यार्थिमित्रांनो, विज्ञानाच्या पुस्तकातील विजेचा धडा आठवा. बॅटरीतून निघालेला प्रवाह फिरून बॅटरीत परत आला, तरच दिवा लागतो. वाट कोठेही तुटली की दिवा विझला. गाडीतील ही वाट अशी आहे : बॅटरी, फ्यूज, इग्निशनची चावी, हॅझर्डचा स्विच, फ्लॅशर, स्टिअरिंगजवळची दांडी, मग तार, होल्डर, बल्ब, आणि शेवटी गाडीच्या लोखंडी अंगातून परत बॅटरीच्या ऋण टोकाला. या परतीच्या वाटेला गॅरेजात 'अर्थ' म्हणतात. बहुतेक जण जायची वाट तपासतात आणि परतीची विसरतात. पुढे आपण पाहू की अर्धे दुखणे तेथेच दडलेले असते.

फ्लॅशर म्हणजे प्रवाह ठरावीक लयीत तोडणारी व जोडणारी डबी. जुन्या फ्लॅशरमध्ये तापून वाकणारी धातूची पट्टी असे. नंतर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आले. त्याच्या टोकांवर बहुधा ४९, ४९अ आणि ३१ असे आकडे असतात. ४९ वर वीज आत येते, ४९अ वरून दिव्यांकडे जाते, आणि ३१ म्हणजे अर्थ. हे आकडे जर्मन मानकातले आहेत आणि अनेक बनावटींच्या गाड्यांत तेच वापरले जातात. एकदा पाठ केले की जन्मभर उपयोगी पडतात.

आता थोडे गणित. इंडिकेटरचा नेहमीचा बल्ब २१ वॉटचा असतो. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. म्हणून २१ भागिले १२, म्हणजे पावणेदोन अँपिअर. एका बाजूला पुढे एक, मागे एक आणि बगलेत ५ वॉटचा छोटा बल्ब धरला, तर एकूण ४७ वॉट, म्हणजे जवळजवळ चार अँपिअर. हा आकडा ध्यानात ठेवा. मोठ्या मालट्रकांना मात्र २४ व्होल्टची व्यवस्था असते. तेथे १२ व्होल्टचा बल्ब लावला तर तो लगेच जळेल, आणि २४ चा बल्ब मोटारीत लावला तर काजव्यासारखा मिणमिणेल. म्हणून बल्बच्या पितळी बुडावर कोरलेला आकडा आधी वाचावा.

लक्षणे आणि निदान

हकीम नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. गाडीलाही लक्षणे असतात. ती नीट पाहिली तर निम्मे काम हत्याराला हात न लावताच होते.

पहिले लक्षण : एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने लुकलुकतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर प्रवाह मोजत असतो. एक बल्ब गेला की प्रवाह घटतो आणि फ्लॅशर वेग वाढवून चालकाला सावध करतो. म्हणजे फ्लॅशर बिघडलेला नाही, तो आपले काम चोख करतो आहे. तरीही अनेक ठिकाणी आधी फ्लॅशरच बदलला जातो. त्या बाजूचे बल्ब एकेक करून पाहा. बल्ब चांगला असेल, तर होल्डरची पितळी जीभ दबली आहे का आणि तिच्यावर हिरवट थर चढला आहे का, ते पाहा. जुन्या तापणाऱ्या पट्टीच्या फ्लॅशरमध्ये याच्या उलट घडते. बल्ब गेला की लुकलुक मंदावते किंवा थांबते. तेव्हा आपल्या गाडीत कोणता फ्लॅशर आहे, हे आधी जाणून घ्यावे.

दुसरे लक्षण : इंडिकेटर दोन्ही बाजूंनी बंद, पण हॅझर्ड दाबले की चारही दिवे लुकलुकतात. याचा अर्थ बल्ब, अर्थ आणि बहुधा फ्लॅशरही ठीक आहेत. दोष राहतो तो इग्निशनच्या बाजूच्या फ्यूजमध्ये, हॅझर्डच्या स्विचमध्ये किंवा दांडीच्या स्विचमध्ये. अनेक गाड्यांत इंडिकेटरची वीज हॅझर्डच्या स्विचमधूनच जाते. तो स्विच महिनोन् महिने कोणी दाबत नाही आणि आतला संपर्क धुळीने मळतो. स्विच दहा-वीस वेळा दाबून-सोडून पाहा. तेवढ्याने इंडिकेटर सुरू झाला, तर दोष सापडला. मग स्विच साफ करावा किंवा बदलावा.

तिसरे लक्षण : हॅझर्डही बंद आणि इंडिकेटरही बंद. आधी दोन्ही फ्यूज पाहा. मग फ्लॅशरच्या ४९ वर वीज येते का आणि ३१ ला अर्थ आहे का, ते तपासा. दोन्ही असेल तर फ्लॅशर काढून ४९ आणि ४९अ ही टोके फ्यूज बसवलेल्या तारेने जोडा आणि दांडी एका बाजूला करा. दिवे न लुकलुकता स्थिर लागले, तर फ्लॅशर गेला, बाकी सगळे ठीक. नाहीच लागले तर दोष त्याच्या पुढे आहे. ही तपासणी फ्लॅशरची वेगळी डबी असलेल्या गाड्यांसाठीच आहे.

चौथे लक्षण : इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर मंद लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो. हे गाडीला भूत लागल्यासारखे वाटते. तेथे परतीची वाट तुटलेली असते. मागच्या दिव्यांची अर्थ बहुधा एकच असते. ती तुटली की प्रवाह दुसऱ्या बल्बच्या तारेतून आडवाटेने परत जातो आणि वाटेत तो बल्बही पेटवतो.

अर्थ कशी मोजावी

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस आणि उरलेले महिने धूळ. मागच्या दिव्यांच्या रबरी पॅकिंगमधून पाणी झिरपते, पत्र्याला गंज चढतो आणि अर्थचा स्क्रू वरून घट्ट दिसला तरी खाली पोकळ होतो. अशा जागी नुसता व्होल्टमीटर लावून फसगत होते. बल्ब काढून होल्डरला मीटर लावला तर तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर प्रवाह जवळजवळ ओढतच नाही. बल्ब लावला की मात्र तोच सांधा प्रवाह अडवतो.

म्हणून मोजायचे ते दिवा चालू ठेवून. मीटरचे एक टोक होल्डरच्या अर्थवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवा. आकडा शून्याच्या जवळ, म्हणजे ०.१ किंवा ०.२ व्होल्टच्या आत हवा. एक-दीड व्होल्ट दिसले, तर तेवढा दाब वाटेतच वाया जातो. समजा, गंजलेल्या सांध्याचा रोध फक्त १ ओहम आहे. २१ वॉटच्या बल्बचा पेटता रोध सुमारे ७ ओहम. ओहमचा नियम लावून पाहा. बल्बला २१ ऐवजी १६ वॉटच मिळतात आणि प्रकाश तर त्याहूनही जास्त घटतो. भर दुपारी तो दिवा मागच्याला दिसतच नाही.

एक उदाहरण घेऊ. चाकणहून माल नेणारा टेम्पो आहे. तक्रार अशी की रिकामा असताना इंडिकेटर चालतो आणि माल भरला की बंद पडतो. अंदाजाने काम करणारा बल्ब बदलील, मग फ्लॅशर, मग दांडीचा स्विच, आणि मालकाचे दोन दिवस व पैसे जातील. विचार करणारा विचारील : माल भरल्यावर काय बदलते? मागचे अंग खाली बसते आणि तारा ताणल्या जातात. मग तो सांगाड्यावरून मागे जाणारी तार हाताने हलवत मीटर पाहील. तार कोठेतरी क्लिपपाशी घासून आतून तुटलेली सापडेल. दुरुस्ती दहा मिनिटांची. मजुरी खरी आहे ती या विचाराची.

बाहेरून बसवलेले दिवे

आता हौसेच्या दिव्यांकडे वळू. नवी गाडी आली की मुले आधी एल. ई. डी. बसवायला निघतात. हौसेला विरोध नाही, पण तिचा हिशेब करावा.

इंडिकेटरमध्ये एल. ई. डी. बसवला की तो धडाधड लुकलुकू लागतो. कारण वर आलेच आहे. जेथे चार अँपिअर जायचे तेथे आता अर्धा अँपिअरही जात नाही, आणि फ्लॅशर समजतो की बल्ब गेला. यावर दुकानदार ६ ओहमचा रोधक देतो. गाडी चालू असताना साडेतेरा व्होल्ट धरले, तर त्यातून सव्वादोन अँपिअर जातात आणि तीस वॉट उष्णता निघते. कथिलाचा डाग देण्याचे विजेचे हत्यार २५ वॉटचे असते, यावरून कल्पना करा. लुकलुकताना तो निम्माच वेळ तापतो हे खरे, पण वाहतूक कोंडीत अर्धा तास हॅझर्ड चालू राहिले, तर प्लॅस्टिकला चिकटवलेला रोधक ते प्लॅस्टिक वितळवतो. तो पत्र्यावर स्क्रूने बसवावा आणि तारांपासून लांब ठेवावा. त्याहून बरे म्हणजे एल. ई. डी. साठी बनवलेला फ्लॅशर घ्यावा.

नव्या मोटारींत फ्लॅशरची वेगळी डबी नसते. बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा संगणक दिवे चालवतो आणि टकटक आवाजही स्पीकरमधून काढतो. दिवे जागेवर आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी तो मधूनमधून बारीक ठोके सोडतो. म्हणून बाजारातला एल. ई. डी. कधी बंद असतानाही झुकझुक करतो. अशा गाडीत तार सोलून जोड मारणे म्हणजे महागड्या संगणकाच्या अंगावर हात टाकणे होय. तेथे स्कॅनर लावून दोष वाचावा आणि गाडीच्या बनावटीला मान्य असलेलाच दिवा बसवावा. एअरबॅगच्या पिवळ्या आवरणाच्या तारांना आणि विजेवर चालणाऱ्या गाडीतील नारिंगी जाड तारांना तर शिकाऊ मुलाने हातही लावू नये. नारिंगी तारेतील विद्युतदाब जीव घेऊ शकतो.

हेडलाइटचा मोह याहून मोठा. मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा. त्याजागी १०० वॉटचे दोन बसवले, तर १० अँपिअरऐवजी सुमारे १७ अँपिअर वाहतात. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट होते. तार तीच, स्विच तोच. मग फ्यूज उडतो, आणि येथे सर्वांत घातक गोष्ट घडते. १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा बसवला जातो, किंवा चांदीचा कागद गुंडाळला जातो. फ्यूज हा गाडीचा पहारेकरी आहे. त्याने आरडाओरडा केला म्हणून त्याचे तोंड बांधले, तर चोर आत येणारच. तो चोर म्हणजे आग. त्यातच साध्या बल्बसाठी घडवलेल्या आरशात एल. ई. डी. बसवला, तर प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत विखुरतो.

जादा फॉग लाइट बसवायचाच असेल, तर रिले वापरा. बॅटरीजवळ फ्यूज, तेथून रिलेचे ३० क्रमांकाचे टोक, आणि ८७ वरून दिवा. ८५ आणि ८६ या टोकांना स्विच व अर्थ. स्विचमधून मग अगदी थोडा प्रवाह जातो आणि मोठा भार रिले उचलते. सांधा पीळ मारून, टेप गुंडाळून सोडू नका. कथिलाचा डाग द्या, वर आकसणारी नळी चढवा आणि तार धारदार पत्र्यावरून नेताना रबरी कडे घाला. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढावे, हे सांगायला नकोच.

कायदाही माहीत असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे इंडिकेटरचा रंग अंबर, म्हणजे नारिंगी-पिवळा हवा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा तो लुकलुकला पाहिजे. घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजा. ३० ते ६० भरले पाहिजेत. पांढरे, निळे, धावणारे रंगीत दिवे पाहून मित्र वाहवा करतील, पण मागच्या माणसाला गाडी वळते आहे की मिरवते आहे, हे कळणार नाही.

वही आणि हात

पालक बंधु-भगिनींनो, आता दोन शब्द तुमच्याशी.

आपल्यापैकी काही घरांत मुलगा आठवी-नववीत रेंगाळू लागला की म्हणतात, "पाठव त्याला गॅरेजात, हुन्नर तरी शिकेल." हुन्नराची लाज बाळगू नका. ज्या उस्तादाने नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखला, तो विद्वानच आहे. परंतु मी आत्ता जे सांगितले त्यात किती शाळा होती, ते पाहा. भागाकार होता, ओहमचा नियम होता, उष्णता होती, वर्ग होता. हे सगळे नववी-दहावीच्या पुस्तकांतले आहे. तापणाऱ्या पट्टीचा फ्लॅशर कानाने ओळखता येत होता. संगणकाने चालणारा दिवा कानाला दाद देत नाही, त्याला वाचावे लागते. त्याचा वायरिंगचा नकाशा इंग्रजीत असतो आणि त्यातले चाळीस-पन्नास शब्द आले तर कुलूप उघडते. शाळा सोडून गेलेला मुलगा त्या कुलुपाबाहेर उभा राहतो. चाकणमध्ये नव्या गाड्या तयार होतात आणि आपला मुलगा जुन्या गाड्यांची वाट पाहत बसतो. जुन्या गाड्या तर दिवसेंदिवस कमी होणार.

म्हणून दहावी पुरी होऊ द्या. त्यानंतर आय. टी. आय. मध्ये मोटार मेकॅनिकचा किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार कारखान्यांत उमेदवारी करता येते आणि त्या काळात विद्यावेतनही मिळते. मुलींनाही यातून वगळू नका. मीटर वाचायला मनगटाचा जोर लागत नाही, लक्ष लागते, आणि ते आपल्या मुलींपाशी भरपूर आहे.

ज्यांची मुले आधीच गॅरेजात आहेत त्यांनी निराश होऊ नये. त्यांना एक मल्टिमीटर आणि एक वही घेऊन द्या. वहीत चार रकाने आखावेत : गाडी कोणती, तक्रार काय, मोजलेले आकडे किती, दोष कोठे सापडला. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण रोज लिहा. उस्तादांनीही शागीर्दाला नुसते "हा पार्ट बदल" असे सांगू नये. "का बदलायचा, आधी मोजून दाखव," असे विचारावे. ज्याचा बल्बच गेला आहे त्याला फ्लॅशर विकणे ही मेहनतीची कमाई नव्हे, आणि अशा पैशाला बरकत नसते. गिऱ्हाइकाला खरा दोष दाखवून थोडीच मजुरी घेतली, तर तो पुन्हा येतो आणि चौघांना घेऊन येतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर वडिलांच्या, भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीमागे उभे राहा. त्यांना इंडिकेटर, ब्रेक आणि हॅझर्ड एकेक करून द्यायला सांगा. कोणता दिवा लागतो, कोणता लागत नाही, अर्ध्या मिनिटात किती वेळा लुकलुकतो, ते लिहून काढा. पाच मिनिटांचे काम आहे. शंभर घरांतल्या शंभर गाड्या अशा तपासल्या गेल्या आणि त्यांतला एकच बंद दिवा सापडला, तरी त्या गाडीमागून सायकलवर किंवा दुचाकीवर येणारा कोणी तरी रात्री सुखरूप घरी पोहोचेल. तो कोण, हे तुम्हांला कधी कळणार नाही, आणि कळण्याची गरजही नाही.